अर्नीचं मनगट

१

उड्डाणाच्या सकाळी चौघांचं जे काही चालायचं, तेच त्या दिवशीही चाललं होतं. कप्तान ड्रूरीनं विमानाच्या चाकाला बुटानं ठोकर मारून पाहिली. नकाशे सांभाळणारा बेसिल कॉनरॉय चहा गार मिळाल्याची कुरकुर करत पुढच्या निमुळत्या जागेत शिरला. आणि अर्नी टिंडलनं, शिडीवर पाय ठेवण्याआधी, नेव्हिल पाइकची टोपी पुढून खाली ओढून त्याचे डोळे झाकले.

"आता पुरे झालं रे हे," नेव्हिल म्हणाला.

"तुला डोळे लागतात कशाला? तुझं काम कानांचं," अर्नी म्हणाला आणि हसत वर चढला.

नेव्हिलकडे बिनतारी यंत्र होतं. अर्नी गनर, मशीनगन चालवणारा. त्याची जागा नेव्हिलच्या पाठीमागे, वरच्या बाजूला, काचेच्या फिरत्या घुमटात. मधे एक लहानसं लोखंडी दार. नेव्हिलनं बसल्या बसल्या हात मागे लांबवला असता तर त्या दाराला लागला असता.

१९४३ साल. डार्विनच्या दक्षिणेला निलगिरीचं विरळ रान तोडून केलेली ती धावपट्टी. समुद्रापलीकडे तिमोर बेटावर जपानी होते, आणि आठवड्यातून दोन-तीनदा तिकडे बॉम्ब नेऊन टाकायचे, हे त्यांचं काम.

विमानानं जमीन सोडली, चाकं पोटात घेतली, आणि डाव्या इंजिनाचा आवाज बसला. घसा बसावा तसा. मग इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलंच. विमान त्या बाजूला कलंडलं.

"डावं गेलं," कानाशी ड्रूरीचा आवाज आला. "धरून बसा."

पोटात बॉम्ब, पेट्रोलच्या टाक्या काठोकाठ भरलेल्या, आणि मागे वळायला उंचीच नाही. ड्रूरीनं वळण्याचा मोह टाळला आणि विमान सरळ समोरच्या रानावर टेकवलं. झाडं मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग सगळं थांबलं. बॉम्ब फुटले नव्हते. पेट्रोलचा वास आला, आणि पंखाच्या मुळाशी काहीतरी पिवळं हललं.

"नेव्ह," मागून अर्नी म्हणाला. "दार अडकलंय."

तो ओरडला नव्हता. कपाटाचा खण अडकल्यावर माणूस हाक मारतो तितक्याच साध्या आवाजात म्हणाला. "नेव्ह, जरा तिकडून ओढतोस का?"

नेव्हिलनं मागे पाहिलं. दार पाहिलं. दाराखालच्या फटीतून अर्नीचे बूट दिसत होते, तेही पाहिले. मग तो उठला आणि बाजूच्या झडपेतून बाहेर पडून पळत सुटला.

माणसाच्या उंचीच्या एका वारुळामागे तो जाऊन पडला. तिथून त्यानं मागे पाहिलं तेव्हा विमानाचं मधलं अंग धुरात दिसेनासं झालं होतं. ड्रूरी आणि बेसिल पुढच्या बाजूनं निघून पलीकडे धावत होते. आता अर्नीचा आवाज येईल, या भीतीनं नेव्हिलनं कान झाकले.

आणि धुरातून अर्नी चालत बाहेर आला. डोळे मिटलेले. भुवया जळून गेलेल्या. उजवा हात पुढे, कोपरात थोडा वाकलेला, आणि पावलं अंदाज घेत टाकलेली. आंधळ्या माणसाला कुणीतरी धरून रस्ता ओलांडून नेतं, तसा तो येत होता. पुढे कुणीच नव्हतं.

२

"नेव्हनं काढलं मला," अर्नी ड्रूरीला म्हणाला. गवतावर पडल्यावर त्याचं हे पहिलं वाक्य.

ड्रूरीनं नेव्हिलच्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास रे," तो म्हणाला, "शाब्बास."

नेव्हिलच्या तोंडात माती होती. तो थुंकला. थुंकून झाल्यावर बोलता आलं असतं. पण तेवढ्यात आग विझवणारी गाडी आली, स्ट्रेचर आलं, माणसं आली, आणि बोलायची वेळ निघून गेली. निदान त्यानं स्वतःला तसं सांगितलं.

दुपारी जेवणाच्या तंबूत डब्यातलं खारं गोमांस वाढताना आचाऱ्यानं त्याच्या ताटलीत एक फोड जास्त टाकली. शेजारच्या तुकडीचा एक पोरगेलासा वैमानिक उठून त्याला जागा देऊ लागला. नेव्हिलनं मान खाली घालून खाल्लं. घास गिळवत नव्हता, पण ताटली तशीच ठेवली तर लोक विचारतील म्हणून सगळं संपवलं.

"हात बघू तुझे," समोर बसलेला बेसिल म्हणाला.

"कशाला?"

"अर्नीच्या तळव्यांची सालं निघालीयत. आतून ढकलत होता म्हणे दार. तापून लाल झालं होतं."

नेव्हिलनं हात टेबलावर ठेवले. नखात थोडी माती होती, बाकी काही नव्हतं. बेसिलनं ते पाहिले, मग नेव्हिलकडे पाहिलं, आणि मग बिस्किटाचा तुकडा चहात बुडवला.

"नशीबवान आहेस," तो म्हणाला.

३

रुग्णालय हमरस्त्याच्या पलीकडे, पत्र्याच्या लांब वॉर्डांचं. नेव्हिल तिकडे गेला नाही. आज बिनतारी यंत्रांच्या दुरुस्तीला मदत आहे, आज पोट बरं नाही, आज अर्नीला विश्रांती हवी असेल. रोज एक कारण सापडायचं आणि रोज ते त्याला पटायचं. अर्नीसमोर उभं राहून त्याचे आभार ऐकायचे, या विचारानंच त्याचे कान तापायचे.

एके संध्याकाळी ड्रूरी त्याच्या तंबूशी आला.

"अर्नीला भेटून आलो. डोळे वाचतील म्हणतात. तू रोज जाऊन बसतोस, फार बरं करतोस रे. त्याला तेवढाच आधार."

"रोज?"

"तोच सांगत होता. दुपारी येतोस, हात धरून बसतोस." ड्रूरी जरा संकोचला. "मला नसतं जमलं. मी पाच मिनिटांत उठतो."

नेव्हिल हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याला वाटलं, डोळ्यांवर पट्टी आहे, औषधांची गुंगी असेल. दुसरंच कुणीतरी येत असेल, पाद्री असेल, आणि अर्नीला मी वाटत असेन. सरळ गोष्ट होती. पण दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तो रुग्णालयाच्या वाटेला लागला.

वॉर्डच्या दाराला माशांची जाळी होती आणि ते ढकललं की वरची स्प्रिंग कण्हायची. आत पत्रा उन्हानं तडकत होता. दाराजवळच्या टेबलाशी सिस्टर हॉलोरन पट्ट्या गुंडाळत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"काय विसरलं?"

"मी?"

"आत्ताच तर गेलात." त्यांनी पुन्हा नीट पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला. "की दुसरे होते ते? मी पाठमोरंच बघते तुम्हाला. येता-जाता एक शब्द बोलत नाही तुम्ही."

अर्नीची खाट कोपऱ्यात होती. डोळ्यांवर पट्टी, डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. उजव्या हाताचा फक्त तळवा बांधलेला, मनगट उघडं. खाटेशेजारी कॅनव्हासची घडीची खुर्ची. नेव्हिल तीत बसला नाही. खाटेच्या कडेवर टेकला.

"मग," अर्नी म्हणाला, "कुठवर आलो होतो आपण? घरच्या मेंढ्यांपाशी."

नेव्हिलनं अर्नीचा उजवा हात हातात घेतला.

"हात गरम आहे तुझा," अर्नी म्हणाला. आणि मग, नवख्या माणसाशी बोलावं तशा आवाजात, "आज तू आलायस होय."

त्याच्या मनगटावर काळेनिळे वळ होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. कुणीतरी जीव खाऊन धरलेलं. अपघाताला बरेच दिवस झाले होते, दुसऱ्या जखमा पिवळ्या पडल्या होत्या, पण हे वळ आत्ताच उठल्यासारखे ताजे होते. अर्नीला गुंगी लागली तेव्हा नेव्हिलनं, इकडेतिकडे बघून, आपली बोटं हलकेच त्या वळांवर ठेवून पाहिली.

करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, सगळी नेमकी बसली.

४

त्या रात्री त्याला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. वळ आपल्याच हाताचे आहेत, म्हणजे आपण मागे गेलो होतो. धक्क्यानं माणूस विसरतो. वारुळ, माती, कान झाकणं, हे सगळं नंतरचं असेल आणि मनानं त्याची उलटापालट केली असेल. रोज रुग्णालयात जाणंही तसंच विसरत असेन. डोक्याला मार लागलेल्यांचं असं होतं, हे त्यानं ऐकलं होतं. डॉक्टर औषध देतील. वेडा ठरलो तरी चालेल, पण भित्रा तरी ठरणार नाही.

सकाळी तो पडलेल्या विमानाकडे गेला. आग वेळेवर विझली होती, म्हणून सांगाडा बराचसा शाबूत राहिला होता. तज्ज्ञ आले होते ते बॉम्ब आणि इंजिन सोडवून घेऊन गेले होते. बाकीच्या भागाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

झडपेतून तो आत शिरला. आत जळक्या रबराचा वास होता आणि उन्हानं धातू कुठेकुठे टिकटिक वाजत होता. त्याची खुर्ची, तिचे वितळलेले पट्टे. तिच्यामागे ते लोखंडी दार.

दार बंद होतं.

नुसतं बंद नव्हतं. विमानाची एक बरगडी वाकून दारावर आडवी रुतली होती. नेव्हिलनं दोन्ही हातांनी कडी धरली, पाय भिंतीला लावले आणि ओढलं. केसभरही हललं नाही. करवत आणल्याशिवाय ते कुणाच्या बापाला उघडलं नसतं. खालच्या फटीतून त्याचा हात मनगटापर्यंत आत गेला, त्यापुढे नाही. तो बाहेर येऊन वर चढला. घुमटाच्या काचा धुरानं काळ्या झाल्या होत्या, पण एकही फुटलेली नव्हती. एवढंच कळलं की या घुमटातून कुणीही बाहेर पडलेलं नाही.

तो खाली उतरला. तळहात कापला होता, रक्त येत होतं. अर्नीला दार उघडून काढलेलं नव्हतं. मग कसं काढलं, हा विचार त्याच्या मनाच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला, आणि त्यानं तो आत घेतला नाही.

पण एक गोष्ट आता टाळता येत नव्हती. आपण मागे गेलो नव्हतो. आपण पळालो होतो.

परतताना बेसिल भेटला. शर्ट काढून तो बादलीत मोजे धूत होता.

"बेस, तू जातोस का रे दुपारी अर्नीकडे?"

"मी कशाला? तिथं तुझी जागा ठरलेली." बेसिलनं मोजे पिळले. "एक विचारू? तू त्याला काढलंस तेव्हा मी पलीकडच्या बाजूला होतो, मला काही दिसलं नाही. पण तू वारुळाकडून आलास. आणि अर्नी तुझ्या मागून आला."

नेव्हिल उभा राहिला. सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं.

"जाऊ दे," बेसिलच म्हणाला. "जिवंत आहे ना तो. मला काय करायचंय." आणि त्यानं मोजे दोरीवर टाकले.

५

दुसऱ्या दुपारी नेव्हिल ठरवून गेला. अर्नीला सगळं सांगायचं, मग कप्तानाला. वाटेत त्यानं वाक्यं जुळवली होती. जाळीचं दार कण्हलं. सिस्टरच्या टेबलाशी कुणी नव्हतं. वॉर्डातले बहुतेक जण उन्हानं पेंगले होते.

अर्नी उशीला टेकून बसला होता. उजवा हात खाटेच्या कडेबाहेर, खुर्चीच्या दिशेला. खुर्ची रिकामी होती.

"अर्नी."

"ये," अर्नी म्हणाला. "त्या बाजूनं ये. खुर्चीत नको बसूस."

नेव्हिल खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. जुळवलेली वाक्यं आठवेनात.

"मी काढलं नाही तुला," तो म्हणाला. "तू हाक मारलीस आणि मी पळालो."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तुझ्या बुटांचा आवाज आला मला." अर्नीच्या आवाजात राग नव्हता. "मी म्हटलं, पहार शोधायला गेला असेल. काहीतरी आणायला गेला असेल. मग कळलं."

पत्रा तडकला. लांब कुणीतरी खोकलं.

"मग तू कप्तानाला का सांगितलंस की मी..."

"तसंच झालं म्हणून. नेव्हनं मला बाहेर आणलं." अर्नीनं मान खुर्चीकडे वळवली, पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी तिकडे बघितल्यासारखं केलं. "तू पळालास ते मी सांगणारच होतो. तो म्हणाला, नको सांगूस. त्याला वाईट वाटेल."

"कोण म्हणाला?"

अर्नीनं उजवा हात जरासा उचलला. नेव्हिलची नजर त्याच्या हातावर गेली. अर्नीच्या उघड्या मनगटावरची कातडी पाच ठिकाणी आत दबलेली होती. तो बघत असतानाच एक खळगा जरासा सरकला, धरलेला हात माणूस नीट धरतो तसा, आणि तिथली कातडी पांढरी पडून पुन्हा लाल झाली. खुर्चीचं कापड मधोमध खाली ताणलेलं होतं. ते बारीक करकरलं.

नेव्हिलनं आपले दोन्ही हात खिशात घातले. का घातले ते त्याला कळलं नाही. हात आपापले गेले.

"तो विचारतोय," अर्नी म्हणाला, "तू आलायस, तर त्यानं आता सोडावं का."

"सोडलं तर काय होईल?"

"ते सांगत नाही तो. एवढंच म्हणतो, त्यानं सोडलं की तुला धरावं लागेल." अर्नीनं ओठ ओले केले. "नेव्ह, मी तिथून अजून पुरता बाहेर आलो नाही असं मला वाटतं. कधीकधी दार पुन्हा समोर येतं. तेव्हा तो घट्ट धरतो."

त्याचा आवाज तेवढाच साधा होता. त्याला काही मागायचं होतं आणि तो ते मागत नव्हता.

नेव्हिलला फक्त हो म्हणायचं होतं. खाटेला वळसा घालायचा आणि हात पुढे करायचा. त्यानं स्वतःला वळसा घालताना पाहिलंसुद्धा. पण पाय जागचे हलले नाहीत, आणि खिशातल्या मुठी उघडल्या नाहीत, आणि तो नुसता उभा राहिला. किती वेळ, कुणास ठाऊक. एक माशी अर्नीच्या पट्टीवर बसली, उडाली, पुन्हा बसली.

"बरं," शेवटी अर्नी म्हणाला. "राहू दे त्याला."

तेव्हा नेव्हिलच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. पुढे आयुष्यभर त्याला ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली ते पळणं नव्हतं. या क्षणाचं बरं वाटणं होतं.

६

अर्नीचे डोळे चांगले झाले. त्याला दक्षिणेला, घरी पाठवायचं ठरलं. तोवर नेव्हिलनं ड्रूरीला सगळं सांगून टाकलं होतं. निदान पळण्याचं तरी सांगितलं होतं. ड्रूरीनं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "तुला झोपेची गरज आहे. अर्नी स्वतः सांगतो ते खोटं का?"

निरोपाला चौघं एकत्र यायचे होते, पण ड्रूरी आणि बेसिलला उड्डाणावर जावं लागलं. नेव्हिल एकटाच हमरस्त्यावर जाऊन उभा राहिला.

अर्नी स्वतःच्या पायांनी चालत आला. अंगावर नवे कपडे, भुवया अर्धवट उगवलेल्या. उन्हानं डोळे बारीक करून त्यानं नेव्हिलकडे पाहिलं आणि मान हलवली. दुकानात ओझरत्या पाहिलेल्या माणसाला हलवावी तशी, अदबीनं. नेव्हिल पुढे झाला, तर तो वाट देण्यासाठी बाजूला सरला.

"पुढे बसणार का माझ्याजवळ?" रुग्णगाडीच्या चालकानं त्याला विचारलं. "मागे फार धूळ येते."

"नको. आम्ही मागेच बसतो."

चालकानं नेव्हिलकडे पाहिलं. "तुम्हीही येताय?"

"नाही," नेव्हिल म्हणाला.

चालकानं खांदे उडवले. अर्नी आत चढला, एका टोकाला सरकून बसला. चालकानं दाराला हात घातला, पण लगेच लावलं नाही. दार अर्धवट धरून तो थोडा वेळ तसाच थांबला, आणि आपण का थांबलो हे न कळल्यासारखं त्याच्या कपाळावर आठी पडली.

"नेव्ह," आतून अर्नीचा आवाज आला. त्यात किती माया होती. रस्त्यावरच्या नेव्हिलनं ओ द्यायला तोंड उघडलं.

"नेव्ह, पाय आत घे. दार लागेल."

रस्त्यावर उभ्या असलेल्या नेव्हिलनं पाय मागे घेतला. चालकानं दार लावलं.